सिस्टिक फायब्रोसिसमधली साखर: मुलाचा भात तोडू नका

देवगडकडच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा १४ वर्षांचा, वजन ३४ किलो. लहानपणापासून खोकला आणि तेलकट, घाण वासाची शौच. आधी टीबी समजून औषधं झाली, मग घामाच्या चाचणीत सिस्टिक फायब्रोसिस निघाला. तेव्हापासून जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल, रोजचा नेब्युलायझर आणि छातीचा व्यायाम चालू आहे. गेलं वर्षभर वजन जागचं हललेलं नाही आणि पावसाळ्यात दोनदा छाती भरली. मागच्या महिन्यात जेवणानंतर सहज साखर तपासली तर २१८ आली. उपाशीपोटीची मात्र ९६, आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, ५.९. एका डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं आणि भात, गोड, आंबा बंद करायला सांगितलं. आई विचारते: घरात कुणालाच मधुमेह नाही, मग याला कसा? गोळी चालू करू का? आणि आधीच काडी झालेल्या पोराचं जेवण कसं तोडू?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते चाचणीसाठी थांबणारं नाही. जेवण तोडू नका. भात, मासे, नारळ, तूप, अंडी, सगळं पूर्वीसारखं चालू ठेवा. आंबासुद्धा जेवणाबरोबर खाऊ दे. कमी करायचं ते एवढंच: नुसतं पोटात जाणारं साखरेचं पाणी, म्हणजे कोल्ड्रिंक, बाटलीतले ज्यूस, सरबतांचे मोठे ग्लास. मेटफॉर्मिनबद्दल तुमच्या डॉक्टरांशी पुन्हा बोला. ते का, हे खाली सांगतो.

मी रत्नागिरीत मधुमेहाची प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक नेहमीच्या मधुमेहाचे, पोट सुटलेले, चाळिशी-पन्नाशीचे. त्यांना दिवसभर जो सल्ला देतो, तो सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाला दिला तर त्याचं नुकसान होतं. तुमच्या डॉक्टरांनी काही मुद्दाम चुकीचं केलेलं नाही. हा आजार आपल्याकडे इतका कमी ओळखला जातो की साखर वाढलेली दिसली की हात आपोआप त्याच गोळीकडे जातो.

या आजारात सीएफटीआर नावाचं जनुक बिघडलेलं असतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, म्हणून घराण्यात कुणाला नसताना तो अचानक उभा राहतो. त्यामुळे शरीरातले स्राव घट्ट होतात. स्वादुपिंडातून पाचकरस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबतात. आपल्याकडे पन्हळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीत मुरतं आणि भिंत खचते, तसं तुंबलेल्या नळ्यांच्या आजूबाजूचं स्वादुपिंड हळूहळू खराब होतं. आधी पाचकरस जातात, म्हणून तुमच्या मुलाला एन्झाइम लागतात. पुढे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही कमी होतात. उरलेल्या पेशी इन्सुलिन बनवतात, पण थोडं आणि उशिरा.

म्हणून हा टाइप १ नाही, कारण इथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या पेशींवर उलटलेली नसते. टाइप २ ही नाही. गोड खाण्यामुळे किंवा लाडामुळे झालेला तर अजिबातच नाही. सासूबाईंना किंवा शेजाऱ्यांना कुणाला दोष द्यायचा असेल तर तो इथेच थांबवा. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या किशोरवयीन मुलांत साधारण पाचांत एकाला आणि मोठ्या माणसांत चाळीस ते पन्नास टक्क्यांना हा मधुमेह होतो.

आता तुमच्या आकड्यांकडे बघू. उपाशीपोटीची ९६ पाहून घरच्यांना हायसं वाटलं असेल. पण रात्रभर पोट रिकामं असताना थोडंसं इन्सुलिनही पुरतं. कमी पडतं ते जेवणानंतर, एकदम मोठी मागणी आल्यावर. म्हणून या मुलांची उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षं चांगली राहते आणि जेवणानंतरची चढत असते. एचबीएवनसीवरही इथे भरवसा ठेवता येत नाही. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये लाल पेशी लवकर बदलतात, त्यामुळे तो आकडा खोटा कमी दिसू शकतो. ६.५ किंवा जास्त आला तर मधुमेह आहे असं म्हणता येतं, ५.९ आला म्हणून नाही असं म्हणता येत नाही.

आणि २१८? मुलाला खूप तहान, वारंवार लघवी अशी लक्षणं नसतील तर एकट्या या आकड्यावर मी शिक्का मारणार नाही. एक साधी गोष्ट आधी विचारतो: बोट टोचण्यापूर्वी हात धुतला होता का? आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे असे आकडे बरेच येतात. बोटाला आंब्याचा रस लागलेला असतो आणि मशीन त्या रसातली साखरही मोजतं. नुसत्या सॅनिटायझरने पुसणं पुरत नाही. साबण-पाण्याने हात धुवायचा, नीट कोरडा करायचा, मग टोचायचं.

खरं उत्तर ग्लुकोज टॉलरन्स टेस्टमध्ये मिळेल. सिस्टिक फायब्रोसिसच्या प्रत्येक मुलाची ही चाचणी वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी व्हायला हवी. तुमच्या मुलाची ती अजून झालेली दिसत नाही. ती तब्येत बरी असताना करायची. नुकतीच छाती भरली असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर सहा आठवडे थांबा, कारण तेव्हा साखर तशीही वाढते. लॅबमध्ये आधी सांगून ठेवा की ग्लुकोज वजनाप्रमाणे द्यायचं आहे: किलोमागे १.७५ ग्रॅम, जास्तीत जास्त ७५. तुमच्या मुलासाठी म्हणजे सुमारे ६० ग्रॅम. सरसकट सगळ्यांना ७५ ग्रॅम पाजायची सवय पुष्कळ ठिकाणी असते. रक्त तीनदा घ्यायला सांगा: उपाशीपोटी, एका तासाने, दोन तासांनी. तासाचा नमुना लोक गाळतात, पण या आजारात तोच आधी बोलतो.

चाचणीनंतर लगेच एसटीत बसू नका. उशिरा आलेलं इन्सुलिन मग जास्त वेळ काम करत राहतं आणि तिसऱ्या तासाला साखर खाली घसरू शकते. घाम, थरथर, चिडचिड असं काहीतरी होतं. डबा बरोबर न्या आणि लॅबच्या बाकावरच त्याला जेवू घाला.

दोन तासांची साखर २०० किंवा जास्त आली आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच दिसलं, तर मधुमेह आहे, उपाशीपोटीची कितीही छान असली तरी. १४० ते १९९ आली तर तो मधुमेहाच्या आधीचा टप्पा. तासाची २०० च्या वर आणि दोन तासांची १४० च्या आत असेल तर तीही सावधगिरीची खूण आहे. या मधल्या टप्प्यांत इन्सुलिन द्यावं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मी स्वतः वजन आणि फुप्फुसं बघतो. मूल वाढत असेल, फुंकण्याच्या चाचणीचे आकडे टिकून असतील तर थांबतो आणि तपासत राहतो. वजन अडलं असेल आणि एन्झाइम, जेवण, जंतुसंसर्ग यांतलं कुठलंच कारण सापडत नसेल, तर थोडं इन्सुलिन देऊन बघण्याबद्दल फुप्फुसांच्या डॉक्टरांशी बोलतो.

इतकी घाई का, कारण इथे साखरेचा प्रश्न डोळे-किडनीच्या आधी वजनाचा आणि छातीचा आहे. वजन आणि फुप्फुसांची ताकद मधुमेहाचं निदान होण्याच्या काही वर्षं आधीपासून उतरायला लागते. इन्सुलिन अंगावर मांस चढवणारं संप्रेरक आहे. ते कमी पडलं की खाल्लेलं अंगी लागत नाही आणि स्नायू झिजतात, त्यात श्वासाचे स्नायूही आले. शिवाय रक्तातली साखर साधारण १४४ च्या वर गेली की ती श्वासनलिकांच्या पाण्यातही उतरते, आणि तिथे आधीच ठाण मांडून बसलेल्या जंतूंना आयतं खाद्य मिळतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रात लवकर तपासणी आणि लवकर इन्सुलिन सुरू केल्यावर, मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमाणातलं अंतर खूप कमी झालं. पावसाळ्यात दोनदा छाती भरणं आणि वर्षभर अडलेलं वजन, या दोन गोष्टी मला २१८ पेक्षा जास्त बोचतात.

आता मेटफॉर्मिन. ते मुख्यतः इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरासाठी आहे. इथे इन्सुलिनच कमी आहे. वर त्याने भूक मरते, पोट बिघडतं, वजन उतरतं. ज्या मुलाचा एकेक किलो लढून मिळवायचा आहे त्याला हे परवडणारं नाही. मधुमेह पक्का झाला तर या आजारात शिफारस केलेलं औषध इन्सुलिन हेच आहे. रेपॅग्लिनाइड नावाच्या गोळीवर अभ्यास झाले आहेत आणि इंजेक्शन अजिबात शक्य नसेल तिथे तिचा विचार होतो, पण माझी पहिली पसंती इन्सुलिनलाच.

इन्सुलिन म्हटलं की आमच्याकडे आया रडायलाच लागतात, "म्हणजे आता शेवटचं का?" असं विचारतात. ताई, या आजारात ते पहिलं औषध आहे. उपाशीपोटीची साखर चांगली असेल तर बहुतेकदा जेवणापूर्वीचं जलद इन्सुलिन पुरतं. काही मुलांना दिवसातून एकदा दीर्घकाळ चालणारं थोडं इन्सुलिन जास्त सोयीचं पडतं. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. साधारण सुरुवात १५ ग्रॅम कर्बोदकांमागे अर्धा ते एक युनिट अशी असते, म्हणून अर्ध्या युनिटने डोस देता येणारं पेन मागा. इन्सुलिन जेवणानुसार द्यायचं आहे, जेवण इन्सुलिननुसार कापायचं नाही.

त्यासाठी ताटातली कर्बोदकं ओळखायला शिकावं लागतं, आणि आपल्या जेवणात ते अवघड नाही. मध्यम वाटीभर भातात साधारण ३० ग्रॅम. तांदळाच्या एका मध्यम भाकरीत तितकीच. मध्यम हापूसच्या गरात २० ते २५. बांगडा, सुरमई, कोळंबी, अंडं यांत जवळजवळ शून्य. साखर न घातलेल्या सोलकढीत नगण्य, पण साखरेच्या कोकम सरबताच्या एका ग्लासात सहज २० ग्रॅम. आठवडाभर घरातली तीच वाटी वापरा आणि वहीत लिहा, हात बसतो. गणपतीत मोदक खायचे असतील तर खाऊ दे, फक्त किती खाणार हे आधी ठरवून त्या हिशेबात इन्सुलिन घ्यायचं. न सांगता अर्धा तासाने आणखी दोन मोदक, तिथे गणित चुकतं.

या मुलांची भूक भरवशाची नसते. आधी टोचलं आणि पोराने दोन घास खाऊन ताट सरकवलं तर साखर उतरते. भूक नक्की नसेल त्या दिवशी जेवण संपल्यावर लगेच इन्सुलिन दिलं तरी चालतं, किती खाल्लं ते डोळ्यांसमोर असतं.

एन्झाइम विसरू नका. शौच तेलकट असेल, पाण्यावर तरंगत असेल, पोट फुगत असेल, तर खाल्लेलं तूप-नारळ फुकट जातंय, आणि मग कितीही इन्सुलिन दिलं तरी वजन वाढणार नाही. कॅप्सूल जेवणाच्या सुरुवातीला, जेवण लांबलं तर त्यातल्या निम्म्या कॅप्सूल मधे. दिवसाचा एकूण डोस किलोमागे १०,००० लायपेज युनिटच्या वर नेऊ नये (लायपेज म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम). आणि त्या डबीची जागा बघा. चुलीजवळच्या फळीवर किंवा खिडकीत उन्हात ठेवलेल्या कॅप्सूलचा जोर उष्णतेने कमी होतो. वजन अडलेल्या मुलाच्या घरी डबी कुठे असते, हे मी नेहमी विचारतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी मिठाचं वेगळं बोलायला हवं. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाच्या घामातून मीठ भसाभस जातं; चुंबन घेतलं तर कपाळ खारट लागतं, ते याचमुळे. एप्रिल-मे मधल्या आपल्या घामट उकाड्यात हा तोटा मोठा असतो. साखर वाढलेली असेल तर लघवीवाटेही पाणी आणि मीठ जातं. मूल मलूल होतं, पायात गोळे येतात, उलट्या होतात, आणि सगळ्यांना वाटतं ऊन लागलं. अशा वेळी शहाळं देतात. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. मिठाची भरपाई एकट्याने होत नाही. मीठ घातलेली पेज किंवा ओआरएस द्या. ओआरएसमध्ये साखर आहे म्हणून मधुमेहात टाळतात, ते चुकीचं आहे. एक लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं आणि मीठ शोषायला ते लागतंच. "साखरवाल्याने मीठ कमी खावं" हा मोठ्यांना दिलेला सल्ला या मुलाला लावू नका.

पावसाळ्याचं आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतो. आपल्या आणि कर्नाटकच्या किनारपट्टीवर मेलिऑइडोसिस नावाचा आजार आढळतो. त्याचे जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात असतात, पावसात रुग्ण वाढतात, आणि मधुमेह असणं हे तो होण्याचं सगळ्यात मोठं जोखमीचं कारण मानलं जातं. सिस्टिक फायब्रोसिसमुळेही ही जोखीम वाढते. दोन्ही एकत्र असलेल्या मुलाने अनवाणी भातलावणीला उतरू नये, जखम असेल तर अजिबातच नाही. गमबूट घालू दे, किंवा त्याला बांधावरचं काम द्या. छाती भरून थुंकी तपासायला पाठवाल तेव्हा लॅबला सांगा की मूल कोकणातलं आहे आणि हा जंतू बघा, कारण तो स्यूडोमोनास या दुसऱ्या जंतूसारखा किंवा त्याच्या भाईबंदांसारखा दिसून नजरेतून सुटू शकतो.

इन्सुलिन ठेवण्याचं बघा. न उघडलेलं फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरातलं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं; नेमके दिवस डब्यावर वाचा. पावसात दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हा लोक माठात ठेवतात. माठ उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत छान काम करतो, पण आपल्या दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून माठ पुरेसा गार होत नाही. तिथे बर्फाची पिशवी असलेला थर्मास बरा. फक्त पेन बर्फाला चिकटू देऊ नका, मधे रुमाल ठेवा. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट किंवा लाडू नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. शाळेच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी हवी आणि वर्गशिक्षकांना माहिती हवी. मुलाला यकृताचा त्रास असेल तर साखर जास्त सहज उतरते, ते डॉक्टरांना सांगा. व्यायाम बंद करू नका. क्रिकेट, पोहणं, धावणं फुप्फुसांना लागतंच, फक्त आधी साखर बघा आणि काहीतरी खाऊन जाऊ दे.

आजारपणात इन्सुलिन थांबवू नका. ताप आणि छातीच्या संसर्गात गरज दुप्पट ते चौपट होऊ शकते, स्टिरॉइड असेल तर दुपारनंतर साखर खूप चढते. बरं वाटायला लागल्यावर पुढचे चार ते सहा आठवडे गरज उतरत जाते, तेव्हा डोस वेळेवर कमी केला नाही तर साखर घसरते. हे चढ-उतार फोनवर विचारता येतील असा डॉक्टर जवळ हवा.

माझं हे उत्तर बदलू शकतं अशा गोष्टीही आहेत. सिस्टिक फायब्रोसिसवरचं एलेक्साकाफ्टर असलेलं नवं तिहेरी औषध, जे अमेरिकेत २०१९ पासून आहे, मुलाला मिळालं तर वजन आणि साखर दोन्ही बदलतात आणि इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. आपल्याकडे ते महाग आहे आणि सहज मिळत नाही. ते मुलाच्या जनुकातल्या बिघाडाच्या प्रकारावर अवलंबून असतं, म्हणून जनुक-चाचणीचा कागद जपून ठेवा. नळीने रात्री अन्न देत असाल तर इन्सुलिनची पद्धत वेगळी.

मधुमेह ठरला तर त्यानंतर पाच वर्षांनी दरवर्षी डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं. दर तीन महिन्यांनी मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटायचं. सिंधुदुर्गातून पुष्कळ जण गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातात, काही मुंबईला. कुठेही जा, पण छातीचे, साखरेचे आणि आहाराचे डॉक्टर एकमेकांशी बोलतात ना, हे बघा. बोलत नसतील तर वजन, साखर, शौच आणि इन्सुलिन यांची एकच वही ठेवा आणि प्रत्येकापुढे तीच उघडा.

आत्ता लगेच करायचं ते असं. मेटफॉर्मिन चालू झालं असेल तर ते थांबवायचं का, हे या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. छाती शांत असेल तर चाचणीची तारीख घ्या. तोपर्यंत जेवणानंतर दोन तासांनी, हात धुऊन, आठवड्यातून तीन-चार वेळा साखर तपासा आणि त्या जेवणात काय होतं ते शेजारी लिहा. दर रविवारी वजन लिहा. आकडे वारंवार २०० च्या वर येत असतील तर चाचणीची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. वजन उतरायला लागलं, तहान-लघवी वाढली, किंवा मूल मलूल होऊन उलट्या करायला लागलं तर दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर साखरेबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही तपासा, असं स्वतःहून सांगा.